शेवटची पायरी

माणसं का पडतात, हे अपघाताच्या दाव्यांत कोर्टाला समजावून सांगणं हा माझा धंदा. अशाच एका दाव्यासाठी डोळ्यांच्या दवाखान्याच्या जिन्याच्या पायथ्याशी उभा होतो. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी, शिवाय फरशीच्याच रंगाची. तिथे जो तो अडखळतो आणि वळून स्वतःच्या चपलेकडे बघतो. पायरीकडे कोणी बघत नाही. आपल्याकडे लाज पडणाऱ्यालाच वाटते.

"जागाच वाईट आहे, साहेब," वॉचमन म्हणाला. "म्हणून आत्ताच नारळ फोडला."

नारळाचं पाणी पायरीवरून अजून ओघळत होतं. तेवढ्यात वरचं दार उघडलं. डोळ्यांत औषध घातलेल्या एक आजी कठडा चाचपत उतरू लागल्या.

"आजी, थांबा!" मी ओरडलो.

"घाबरू नका हो," त्या हसल्या. "पहिली पायरी कळली, की पुढच्या पायऱ्या पायांनाच कळतात."