मातीला पांघरूण

आमचं शेत रेणापूरजवळ, काळ्या मातीचं. आई लवकर गेली, भाऊ नाही, माझं लग्न गावातच झालं. म्हणून शेत मी बघायचे आणि मला अप्पा, म्हणजे माझे वडील. उन्हाळी नांगरट ही त्यांची चैन. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तरी टोपी सावरत त्याच्या मागं चालायचे आणि ढेकळं पायानं उलटून बघायचे.

मग मला मोबाईलवरच्या एका शेतीच्या कार्यक्रमाचं वेड लागलं. कार्यक्रमवाल्याचा एकच धोशा: नांगरू नका, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्या, आणि माती उघडी ठेवू नका, तिच्यावर काडीकचरा पसरा. अप्पा बाजेवर पडून ऐकायचे. एकदा उठले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि अंगणातल्या मातीवर अंथरला. "घे माय, थंडी वाजायली तिला. एखादी गोधडी बी आण."

मी हसले, पण हट्टाला पेटले होते. त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाल्याला दारातूनच परत पाठवलं. अप्पांचं डोकं फिरलं.

"येड लागलं का तुला? लोक म्हणतील, लेकीनं शेत पडीक पाडलं. नांगर लागल्याबिगर मी शेतात पाय ठेवणार न्हाई!"

"नका ठेवू," मी म्हणाले. मीही त्यांचीच लेक.

आणि खरंच आले नाहीत हो! पहिल्या वर्षी सोयाबीन बेताचंच, तण मात्र उदंड. गावानं तोंडसुख घेतलं. गावाचं मला काही नव्हतं. बांधावरच्या जांभळाखाली अप्पांची बसायची जागा रिकामी दिसायची, तिथं जीव तुटायचा. घरी येऊन विनवायचे, "चला ना अप्पा, नुसतं बघून या."

"नांगरलीस का?"

"न्हाई."

"मग बस गप."

तीन-चार वर्षांत मात्र म्हातारा हळूहळू पाघळायला लागला. संध्याकाळ झाली की आडून विचारायचे, "तुझा तो मोबाईलवरचा मास्तर आज बोंबलायला न्हाई का?" यंदाच्या उन्हाळ्यात मी काडीकचऱ्याखालची मूठभर माती पदरात बांधून आणली. त्यांनी ती तळहातावर चुरली, नाकाशी नेली. एक गांडूळ वळवळत बाहेर आलं, ते अलगद उचलून जास्वंदीच्या बुडाशी सोडलं.

"लई मऊ झाली गं," म्हणाले. "पेरणीला येतो. पण मी हरलो म्हणून गावात दवंडी पिटू नको."

मी आत जाऊन आनंदानं रडले. दुसऱ्या दिवशी जांभळाखालची जागा झाडून घेतली.

पेरणीच्या तोंडावर अप्पा गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून माती देतात, अप्पांसारख्या शेतकऱ्याला त्याच्याच शेतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, मांडी घातलेली, असे अप्पा चौघांच्या खांद्यावरून आले. बांध ओलांडला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. ते जमिनीला लागलेच नव्हते. शब्द पाळला म्हाताऱ्यानं! माझा बांध फुटला. "अप्पा, पेरणीला येतो म्हणाला होता की हो!" मी ओरडत राहिले, बायकांनी धरून ठेवलं.

खड्डा खणणारे आपसांत म्हणत होते, या दिवसांत काळी दगडासारखी असती, इथं कुदळ आपसूक उतरायली. जिथं मी इतकी वर्षं नांगराचा फाळ लागू दिला नाही, तिथं पहिला खड्डा माझ्या अप्पांसाठी झाला.

माती देऊन लोक पांगले. नवरा म्हणाला, चल. माझा पाय निघेना. समोर अप्पांवरची ओली काळी माती उघडी पडली होती, ऊन लागून करपत होती. मी गंजीतून सोयाबीनचं काड पदरात भरून आणलं आणि पसरलं. वर माझ्या खांद्यावरचा त्यांचा टॉवेल अंथरला. वारा सुटला होता, टॉवेल उडायला लागला. कडेला दाबायला एखादं ढेकूळ मिळतं का बघत शेतभर फिरले.

आमच्या शेतात आता ढेकूळ सापडत नाही. मग मीच टॉवेलावर हात ठेवून बसले.