गिरणीविरुद्धचा अर्ज

वडिलांना बंगळूरच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअरची नोकरी लागली, म्हणून आम्ही पुण्याहून तिकडे गेलो. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होते. चामराजपेटेतल्या एका अरुंद गल्लीत आम्हाला भाड्याने घर मिळालं. घरं एकमेकांना खेटून, दारं सरळ रस्त्यावर उघडणारी, प्रत्येक दारापुढे गटारावर फरशी टाकून केलेला बसायचा कट्टा. तिथले लोक त्याला जगली म्हणत. दूध, फुलं, शिंपी, डॉक्टर, मारुतीचं देऊळ सगळं इतकं जवळ की आई पायात चपला न सरकवताच निम्मी कामं करून यायची. आणि आमच्या भिंतीला भिंत लावून पिठाची गिरणी होती.

गिरणी एका नवराबायकोची. त्यांना मूलबाळ नव्हतं. सगळी गल्ली त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. घरात ते मराठीच बोलत. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि इथेच राहिले, असं अण्णा सांगत. पण त्यांची मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मला हसू आवरायचं नाही. निम्मे शब्द कानडी, आणि हेल तर सगळाच कानडी. अक्कांना ते कळायचं. त्या म्हणायच्या, "हस, हस. उद्या दुकानात जाऊन कानडीत मीठ माग, मग मी हसते." आणि त्यांनीच मला कानडी शिकवलं. दुपारी गिरणी बंद असताना जगलीवर बसवून समोरच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं एकेक करून ओळखायला लावली. शाळेत मी कानडीत नापास झाले नाही ती त्यांच्यामुळे.

आईचा तर त्यांच्यावाचून दिवस जात नसे. त्या भागात घरोघर नाचणी आणि तांदूळ दळायला यायचे. आमची ज्वारी, आमची भाजणी त्यांना नवी. पण आईने डबा ठेवला की अक्का जातं झाडून घेत आणि म्हणत, "वैनी, तुमचं आधी. नाचणी मिसळली तर तुमची भाकरी काळी होते." दळण होईपर्यंत बायका जगलीवर बसायच्या. कुणाच्या मुलीला बघायला कोण आलं, कुणाला ताप आला, सगळं तिथेच कळायचं. वडील गमतीने म्हणत की आपल्याला वर्तमानपत्र लावायची गरज नाही.

मी कॉलेजात जाऊ लागले आणि मला ती गिरणी खुपायला लागली. आवाजाचं निमित्त होतं. मोटर सुरू झाली की आमच्या मधल्या खोलीतली भांडी थरथरत आणि मिरच्या दळायच्या दिवशी शिंका येऊन डोळ्यांतून पाणी वाहायचं. पण इतकी वर्षं हे सगळं होतंच की. खरं कारण वेगळं होतं. कॉलेजात माझी एक मैत्रीण झाली होती, जयनगरला राहणारी. तिच्या घरापुढे फाटक, फाटकाच्या आत बाग, बागेनंतर व्हरांडा आणि मग घर. तिथे रस्त्यावरचा आवाज म्हणून घरात यायचा नाही. एकदा ती आमच्याकडे आली, आणि नेमका मिरच्यांचा दिवस. दारात पाऊल टाकायच्या आतच तिला शिंकांची उबळ आली. जगलीवरच्या बायका हसल्या. अक्का लगबगीने पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्या हाताचं पीठ तिच्या निळ्या साडीला लागलं. मैत्रीण चांगल्या स्वभावाची होती. हसतच म्हणाली, "तुम्ही घरात राहता की कारखान्यात?"

ती गेल्यावर आई म्हणाली, "किती गोड मुलगी आहे." माझे कान तापले होते.

त्याच सुमारास वडिलांच्या डोक्यात घर बांधायचं आलं. शहराच्या कडेला नवीन वसाहती होत होत्या आणि कारखान्यातले बरेच जण प्लॉटसाठी अर्ज करत होते. वडिलांनी कुणाकडून तरी बांधकामाच्या नव्या नियमांची सायक्लोस्टाइल केलेली पुस्तिका आणली. घरापुढे किती फूट मोकळं सोडायचं, बाजूला किती, कुठल्या भागात दुकान चालेल, कुठे यंत्र चालवता येणार नाही, असं सगळं त्यात होतं. जुन्या वस्त्यांसाठी वेगळं प्रकरण होतं. वडील ते मोठ्याने वाचत आणि मध्येच हसत, कारण त्या पुस्तिकेप्रमाणे आमची निम्मी गल्ली चुकीची होती. जगल्या रस्त्यावर, गिरणी राहत्या घरात, गिरणीपुढचं पत्र्याचं छप्पर हद्दीच्या बाहेर.

"म्हणजे गिरणी बेकायदा आहे?" मी विचारलं.

"नियमाने बघितलं तर इथे मोटर चालवता येत नाही," ते म्हणाले. "कुणी तक्रार केली तर बंद करावी लागेल."

"मग आपण करू या."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. आवाजाचा त्रास त्यांनाही होत होताच. रविवारी दुपारी त्यांना झोप मिळत नसे आणि त्यावर ते कुरकुरत असत. मी माझ्या परीक्षेचं कारण पुढे केलं. मग ते म्हणाले, "लिही. खोटं एक अक्षर लिहू नकोस. मी सही करतो."

त्या अर्जासाठी मी दोन दुपारी घालवल्या. माझं इंग्रजी वर्गात सगळ्यांत चांगलं समजलं जायचं आणि मला ते दाखवायचं होतं. एका 'रिस्पेक्टेबल रेसिडेन्शियल लोकॅलिटी'च्या शांततेला आणि आरोग्याला या गिरणीमुळे बाध येतो, असं एक वाक्य मी लिहिलं आणि ते मला इतकं आवडलं की मी ते आरशासमोर म्हणून पाहिलं. नियमांचे आकडे हवे होते म्हणून मी पुस्तिकेतलं ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. शेवटच्या पानावर एक कलम होतं. जुन्या वस्तीत जो धंदा नियम येण्याच्या आधीपासून परवान्यावर चालत आला असेल, त्याच्या मालकाने जुना परवाना जोडून मुदतीत अर्ज केला, तर तो मालक असेतोवर धंदा तिथेच चालू ठेवता येईल. वाढवता मात्र येणार नाही.

मी ते दोनदा वाचलं. अण्णांकडे परवाना होता. त्यांच्या वडिलांच्या वेळचा, काचेत घालून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलेला. मी पुस्तिका मिटली आणि वडिलांच्या कागदांच्या अगदी तळाशी ठेवून दिली. अर्जात एकही अक्षर खोटं नव्हतं. वडिलांनी वाचून सही केली.

दीड-दोन महिन्यांनी अक्का दुपारच्या आमच्याकडे आल्या. आई देवळात गेली होती. त्यांच्या हातात लांबट पाकीट होतं. पीठ लागू नये म्हणून त्यांनी ते पदरात धरलं होतं.

"हे स्वल्प वाचून सांग गं. ऑफिसातला माणूस देऊन गेला. तुझ्या अण्णांना इंग्लिश येईना, मला तर काहीच येईना."

मी वाचायला घेतलं. गिरणी पंधरा दिवसांत बंद करावी, पत्रा काढावा, हरकत असेल तर त्याच मुदतीत लेखी कळवावी. आणि वर, तक्रार काय आली ते सांगताना, माझं वाक्य. जसंच्या तसं.

मी मराठीत सांगत गेले. माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. अक्का नीट ऐकत होत्या. त्यांना इंग्रजी येत नसलं तरी मी वाचताना पुटपुटलेला एक शब्द त्यांनी पकडला.

"ते रिस्पेक्टेबल म्हणजे काय गं?"

"म्हणजे... सभ्य. चांगल्या लोकांची वस्ती."

"मग आम्ही?"

त्या रागावून विचारत नव्हत्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी म्हटलं, "तसं नाही अक्का, सरकारी भाषा असते ती."

"कुणी लिहिलं असेल?"

"नाव दिलेलं नाही."

ते मात्र खरं होतं. नोटिशीत नुसतं 'एक रहिवासी' एवढंच होतं.

अक्कांनी रिकामं पाकीट पुन्हा पदरात गुंडाळलं. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आता तूच उत्तर लिही. तुझं इंग्लिश चांगलं आहे. आमची गिरणी किती वर्षांची, सगळ्या बायांना कशी लागते, ते लिही. तुझ्याशिवाय आम्हाला कोण आहे?"

मी तिथे दोन वाक्यं बोलले असते तर झालं असतं. अक्का, तो परवाना काढून आणा. एक कलम आहे. यापेक्षा जास्त काही कबूल करायचीही गरज नव्हती. पण ते कलम मला कसं ठाऊक, असं कुणी विचारलं असतं तर? मी वही घेतली आणि उत्तर लिहिलं. गिरणी फार जुनी आहे, गरीब नवराबायको आहेत, दया करावी. विनंतीचं, रडकं पत्र. परवान्याचा उल्लेख नाही, कलमाचा नाही. अण्णांनी खाली कानडीत सही केली आणि दोन्ही हातांनी कागद घेऊन स्वतः कचेरीत नेऊन दिला. अक्कांनी मला वाटीभर गूळ-खोबरं आणून दिलं. मी ते खाल्लं.

दया कुणाला आली नाही. मुदत संपल्यावर माणसं आली, विजेची तार तोडली, पत्रा उतरवला. फीत लावून मोजता मोजता त्यांनी आमच्या घराच्या पायऱ्याही मोजल्या, आणि घरमालकाला दुसऱ्या महिन्यात त्याही फोडाव्या लागल्या. मोटर आणि जातं विकत घ्यायला बाजारातून एक माणूस आला. अण्णा त्याला पट्टा कसा चढवायचा, कुठे तेल घालायचं ते समजावून सांगत होते, सासरी निघालेल्या मुलीबद्दल सांगावं तसं.

मग गल्ली शांत झाली. मला हवी होती तशी. आई डबा कडेवर घेऊन बाजाराजवळच्या गिरणीत जायला लागली. जाऊन-येऊन तासभर लागायचा आणि पिठात नाचणी मिसळलेली असायची. जगलीवर कुणी बसेना. कुणाला ताप आला ते आम्हाला चार दिवसांनी कळायचं. अण्णा एका दुसऱ्याच्या गिरणीत नोकरीला लागले. सकाळी निघताना ते आमच्या दारावरून खाली मान घालून जात. आयुष्यात प्रथमच कामासाठी घराबाहेर पडायची त्यांच्यावर वेळ आली होती आणि त्यांना त्याची लाज वाटत असावी. लाज मला वाटायला हवी होती. वाटतही होती, पण मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायची.

परीक्षा संपली आणि मला ते सहन होईना. एका सकाळी वडील दाढी करत असताना मी त्यांना त्या कलमाबद्दल सांगितलं. पुस्तिकाही काढून दाखवली. त्यांनी गालावरचा साबण न पुसताच ते पान वाचलं.

"हे तू केव्हा वाचलंस?"

"अर्ज लिहिताना."

"आणि त्यांचं उत्तर लिहिलंस तेव्हा?"

"माहीत होतं."

माझे वडील ओरडणारे नव्हते. ते इतकंच म्हणाले, "मला का नाही सांगितलंस? मी सही केली नसती. नियम म्हणजे अख्खा नियम, आपल्या सोयीचा तेवढा तुकडा नव्हे."

त्यांनी दाढी पूर्ण केली, कारखान्यात जायचा शर्ट घातला, वरचं बटण लावलं आणि शेजारी गेले. कारखान्याची बस त्या दिवशी चुकली. मी भिंतीला लागून उभी होते, पण काहीच ऐकू आलं नाही. अर्ध्या तासाने ते परत आले.

"अर्ज मी केला होता, असं सांगितलं. परवान्याचंही सांगितलं. आता मुदत गेली आहे, तरी मी कचेरीत जाऊन बघतो." मग म्हणाले, "तुझं नाव घेतलं नाही. ते तुझं तू सांग."

ते कचेरीत दोनदा जाऊन आले. काही झालं नाही. मुदत गेली होती आणि मोटरही गेली होती.

त्या दिवसापासून गल्ली माझ्या वडिलांशी बोलेनाशी झाली. अण्णा समोरून आले तर तोंड फिरवून घेत. दूधवालाही दूध मापताना मान वर करायचा नाही. वडील प्रत्येकाला नमस्कार करत आणि उत्तराची वाट न बघता पुढे जात. आणि अक्का माझ्याशी पूर्वीपेक्षाही मायेने वागायला लागल्या. बापाने एवढं केलं, पण पोरीने आमच्यासाठी चार पानं लिहिली, असं त्या बायकांना सांगत. मी तिथे असले की माझ्या पाठीवर हात ठेवून सांगत. मी कितीदा तोंड उघडलं आणि दरवेळी दुसरंच काहीतरी बोलले.

तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी अक्का मागच्या दाराने आल्या. माझ्या वडिलांकडे त्यांनी पाहिलं नाही. बसल्या आणि हलक्या हाताने माझ्या पावलांना हळद लावू लागल्या. आई डोळे पुसत आत निघून गेली. अक्का माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तुझ्या मनात काही ठेवू नकोस गं. तू बापासारखी नाहीस, ते मला पहिल्यापासून ठाऊक आहे."

वडील दारात पाहुण्यांच्या पानांची व्यवस्था बघत उभे होते. त्यांनी ते ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं, वाट पाहत असल्यासारखं. मी अक्कांकडे बघून मान हलवली आणि दुसरा पाय पुढे केला.