बिडकीनच्या मैदानाचा मधला तुकडा

...आणि मी ओल्या जर्सींचे पिळे सोडत होते. गॅसवर पोहे होते, दारात दूधवाला हाका मारत होता आणि हे विचारत होते, "सोळा नंबरची वाळली का?" त्या सकाळी विशेष असं काहीच नव्हतं. हे जाऊन दोन वर्षं झाली. मला नेमकी तीच सकाळ आठवते.

तेव्हापासून मी सोयगावला लेकीकडे राहते. गुरुवारी मोठ्या दिरांचा फोन आला. "सुमन, उद्या मैदानावर ये. काम आहे."

सासऱ्यांनी पगारी खेळाडूंची फुटबॉल टीम उभी केली आणि तिच्यासाठी बिडकीनला स्टेडियम बांधलं. ते गेल्यावर तिघा भावांनी टीम एकत्र ठेवली, पण मैदानाची वाटणी केली, शेताची करतात तशी. पूर्वेचा गोल मोठ्यांचा, पश्चिमेचा धाकट्यांचा, मधला तुकडा आमचा. कुणाला जाऊन बघायचं असेल तर सोयगावहून सकाळची पहिली एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. फर्दापूरनंतर घाट लागतो, तिथे खिडकीची जागा हवी. सिल्लोडला भजी गरम असली तरच घ्या, माझी नव्हती. संभाजीनगरला पैठणची गाडी मिळते, ती बिडकीनवरूनच जाते. पोचायला अर्धा दिवस जातो आणि कंबर मोडते.

मैदान पाहिलं आणि कपाळावर हात मारला. दोन्ही टोकांना गवत गालिच्यासारखं कापलेलं, मध्ये गुडघाभर वाढलेलं.

टीमचा कप्तान म्हणाला, "काकू, आम्ही बॉल वरूनच मारतो. मधी पडला की हुडकायला दोघं लागतात."

रविवारी सामना होता. त्याआधी स्पर्धेचे लोक मैदान तपासणार होते. नापास झालं तर घरचे सगळे सामने दुसऱ्या गावाला जाणार.

"मग कापलं का नाही?" मी तिथे उभ्या दोघा दिरांना विचारलं.

मोठे म्हणाले, "मी हात लावला तर हा म्हणील, दादानं ताबा घेतला."

"अन् म्या लावला तर तुम्ही गप बसणार व्हय?" धाकटे म्हणाले.

मोठ्यांनी खिशातून हक्कसोडीचा कागद काढला. "तुझा हिस्सा माझ्या नावं कर. तासात साफ करतो."

धाकट्यांच्या पिशवीतही तसाच कागद निघाला. "वहिनी, माझ्या नावं करा. दादा लई लांबड लावतेत."

"गवत कापायला विळा लागतो का स्टॅम्पपेपर?" मी म्हणाले. कप्तान तेवढा हसला. सही न करता मी निघाले. जेवायचं कुणी विचारलं नाही. बिडकीनच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. ती मात्र झकास होती.

परतीच्या वाटेवर दोघांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. घरी पाय धुताना मात्र कबूल करावं लागलं: तुकडा माझ्या नावावर आहे आणि दोन वर्षांत मीही तिथे फिरकले नव्हते. यांना मी शेवटचं पाहिलं ते तिथेच, चुन्याच्या रेषा आखताना. ती जागा मला बघवत नव्हती. दिरांना भांडायला निमित्त हवं होतं, ते मीच वाढू दिलं. माझ्या दुःखापायी त्या पोरांनी किती दिवस वरून खेळायचं?

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी पुन्हा बिडकीनला गेले, चार बाया मजुरीने लावल्या आणि त्यांच्याबरोबर बसून मधलं गवत कापलं.