धाकटी म्हणजे कोण

रामघाटावरच्या प्रभावतीबाईंना शिसारी फार लवकर यायची. ओलं फडकं, दुधावरची साय, गोड गोड बोलणारी माणसं, काहीही पुरायचं. पण नदीपलीकडं रामनगरला धाकट्या बहिणीच्या, नंदाच्या तेराव्याला आली ती किळस निराळीच.

नंदाचा मुलगा ऋतुराज लखनौला बँकेत मोठा साहेब. आई गेली तरी डोळ्याला टिपूस नाही. येईल त्याला हात जोडून सांगायचा, "आत्मा अमर आहे." शी! एकानं तरी या बाईसाठी धाय मोकलून रडावं की नाही?

त्यांच्या घरची रीत अशी, की तेराव्याचं जेवण उरकलं की निर्गुणी गाणं म्हणायचं आणि मुलानं त्याचा अर्थ सांगायचा. नंदाची सून रुची हिनं नेमकं प्रभावतीबाईंचंच गाणं धरलं. नव्या नवरीपणी घाटावर धुणं धुताना त्यांनी ते रचलेलं. तोंडोतोंडी फिरून निर्गुणी होऊन बसलं, अन् कुणाचं ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

"नावाड्या, मला ने पलीकडं, दारची तुळस सुकली,
धाकटी माझी पायरीवरती वाट बघून थकली."

ऋतुराजनं डोळे मिटले. "पलीकडं म्हणजे परलोक. नावाडी म्हणजे गुरू. तुळस ही भक्ती. आणि धाकटी म्हणजे शिवाला आसुसलेला जीव."

"वाह, क्या बात है!" पान चघळत पाहुणे डोलले.

प्रभावतीबाईंना मळमळून आलं. आईच्याच घरात आईला पुसून टाकत होता मेला!

"पुरे रे तुझं! गाणं माझं आहे. पलीकडं म्हणजे हे घर, आमचं माहेर. तुळस म्हणजे तुळस, आमची आई गेल्यावर तिला कुणी पाणीच घालत नव्हतं. आणि धाकटी म्हणजे तुझी आई! मळका फ्रॉक, नाक वाहतंय, बाहेरच्या त्या पायरीवर बसून माझी होडी येते का बघायची. जीव कसला अन् शिव कसला डोंबलाचा!"



"तू यायचीस?" ऋतुराजनं हळूच विचारलं.

"सासूबाई पाठवतील तेव्हा. वर्षावर्षानं."

तो दाराबाहेर बघत राहिला. "मावशी, मीही दर दिवाळीला येतो म्हणायचो. तेव्हाही आई तिथंच बसायची?"

"मग कुठं बसणार? तिथूनच रस्ता दिसतो."

ऋतुराज उठला, पायरीपर्यंत गेला आणि तिथंच मटकन बसून हंबरडा फोडून रडू लागला. पाहुणे चपला शोधू लागले. प्रभावतीबाई त्याच्याजवळ टेकल्या आणि पदरानं त्याचं वाहतं नाक पुसत राहिल्या.