लाल टेपची पिपेट

"हात धुऊन येतेस ना घरून?"

सरांनी सगळ्या लॅबसमोर विचारलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. मी पीएचडीची विद्यार्थिनी. अंगात पांढरा कोट, हातात ग्लोव्हज. मान खाली घालून म्हणाले, "हो सर."

झालं होतं एवढंच. आम्ही ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या अगदी पातळ पापुद्र्यावर, आरएनए चिकटवतो. आरएनएला चमकणारा रंग जोडलेला असतो. ग्राफीनला चिकटला की उजेड विझतो. एन्झाइमने आरएनए कापला की तुकडे सुटतात, उजेड परत येतो. त्यावरून एन्झाइमचं काम कळतं. ज्या ट्यूबमध्ये एन्झाइम घातलंच नाही, ती अंधारी राहायला हवी. माझी चमकली. म्हणजे पाण्यातून नाहीतर कुणाच्या तरी हातावरून एन्झाइम आत गेलं होतं.

कुणाच्या, हे कुणी विचारलंच नाही. पहिल्या दिवशी सरांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. आता माझ्या पिपेटला, थेंब मोजून घालायच्या नळीला, लाल टेप लागली. ट्यूबचा डबा वेगळा. टेबल बेसिनजवळ.

सातपूरच्या घरी मोरीत बसून मी काथ्याने हात घासले. आई म्हणाली, "अगं, भांडं हाय का ते? सालटं निघतील." तिला काही सांगितलं नाही. लाज वाटली. त्याहून मोठी लाज वेगळीच आहे. असं एन्झाइम प्रत्येक माणसाच्या कातडीवर असतं, सरांच्याही. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. तरी मला वाटलं, माझ्याच हातांवर जास्त असेल. एवढं शिकून मी माझ्याच विरुद्ध साक्ष दिली.

मग तापाने आठवडाभर घरी होते. परतले तेव्हा निफाडचा सिनियर सरांना सांगत होता, त्याचीही बिन-एन्झाइमची ट्यूब चमकली. सर म्हणाले, "होतं रे असं. नवीन पाणी घे."

बस. एवढंच. त्याच्या हातांची चौकशी नाही.

माझं डोकं सणकलं. टेप ओरबाडून काढली. पिपेट सगळ्यांच्या स्टँडवर ठेवली, स्टूल ओढून मधल्या टेबलाशी बसले.

"हे काय?"

"टेप लावायची तर सगळ्यांना लावा सर. तुमच्या पिपेटलाही."

 

"जमत नसेल तर गाइड बदलून घे."

"नाही."

हात घासल्याची लाज अजून जात नाही. पीएचडी लांबेल, लांबू दे. उद्याही मी मधल्याच टेबलाशी बसणार आहे. मला उठवायचं असेल, तर कारण सरांना सगळ्या लॅबसमोर, मोठ्याने सांगावं लागेल.