कोपरा कापलेलं पत्र

आमच्याकडे कुणी वारलं की ते कळवायच्या पत्राचा एक कोपरा फाडतात. वाचता न येणाऱ्यालाही त्यावरून समजतं. असं पत्र घरात नेत नाहीत.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि दुसऱ्या महायुद्धात आमचे मालक पलटणीबरोबर गेले. खानापूर तालुक्यातलं आमचं गाव, भाताची शेती. घरात सासू, सासरे आणि चुलतसासू. मी चौथी शिकले होते, पण सुनेनं सासऱ्यांसमोर पत्र वाचायची रीत नव्हती. पत्र आलं की सासरे ते शाळामास्तरांकडून वाचून घेत आणि घरी येऊन सांगत, "बरा हाय." माझ्या वाट्याला तेवढंच.

एका दुपारी आम्ही अंगणात भात वाळत घालत होतो. पोस्टमन पाकीट देऊन गेला. सासऱ्यांनी ते फोडलं, कागद उलगडला आणि मटकन खाली बसले. वरचा उजवा कोपरा नव्हता.

सासूनं हंबरडा फोडला. शेजारणी धावत आल्या. चुलतसासूनं माझा हात धरून दारातल्या दगडावर आपटला. दोन बांगड्या फुटल्या.

"हात सोडा," मी म्हटलं. "आधी वाचू द्या."

"आता काय वाचतीस, पोरी? कोपरा दिसत न्हाय व्हय?"

"मास्तरांना तरी बोलवा," एक शेजारीण म्हणाली.

"मास्तर येईस्तोवर माझा एक हात रिकामा होईल," मी म्हटलं आणि सासऱ्यांच्या हातातून कागद घेतला. त्यांनी अडवलं नाही.

कोपरा फाडलेला नव्हताच. कात्रीनं सरळ कापला होता. अक्षर मालकांचं. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, पत्रात वर उजवीकडे मुक्कामाचं गाव लिहायचं. मालकही त्याच शाळेतले. लढाईत आपण कुठं आहोत ते कुणाला कळू द्यायचं नसतं, म्हणून वरच्या कुणा साहेबानं तेवढं गाव कापून घेतलं. मी हे सगळ्यांना सांगितलं.

"मरायच्या आधी लिवलं असंल," चुलतसासू म्हणाली.

"मग कोपरा कुणी कापला? मेल्यावर त्यांनीच उठून?"

तिनं माझा हात सोडला. मी उभी राहिले आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं. मी खुशाल आहे, बैलांना जपा, आईनं उपास कमी करावेत. मग मालकांनी लिहिलं होतं, 'हे पुढचं तिला वाचू द्या.' आणि पुढचा अर्धा कागद माझ्यासाठी होता.

'इथं सगळं डब्यातलं खातो. तुझ्या हातच्या तांदळाच्या भाकरीची आठवण येते. तुझी त्याहून जास्त येते.'

सासऱ्यांनी मान खाली घातली. पदराआड तोंड लपवायची माझी पाळी होती. मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

"पुरं गं बाई," सासू डोळे पुसत म्हणाली. "जित्ता हाय ते कळलं."

संध्याकाळी सासऱ्यांनी ट्रंकेतली आधीची पत्रं आणून माझ्यापुढं ठेवली. सहा होती, सगळी मालक देशातल्याच छावणीत असतानाची, म्हणून कोपरे शाबूत. प्रत्येकात खाली माझ्यासाठी मजकूर होता. "ह्ये तुला सांगायचं कसं, म्हणून ऱ्हायलं," ते म्हणाले. सहाही पत्रं माझ्या पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी चुलतसासूला कासाराकडे नेलं आणि दोन फुटल्या होत्या तिथं डझनभर भरून घेतल्या.

उत्तर मीच लिहिलं. पहिलीच ओळ अशी होती: 'यापुढं कोपऱ्यात काही लिहू नका, इकडे माझ्या बांगड्या फुटतात.'

त्यानंतरची सगळी पत्रं चारी कोपऱ्यांनिशी आली, आणि मीच ती वाचली. लढाई संपल्यावर मालकही आले, अख्खेच्या अख्खे. आल्या आल्या त्यांनी भाकरी मागितली.