भोंग्यावरचा ब्रेड

गल्लीत त्यांना सगळे टर्नरकाका म्हणत. कारखान्यातलं लेथ मशीन सुटून बरीच वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. घरात चार माणसं: काका, बस चालवणारा मुलगा, इस्पितळात नर्स असलेली सून आणि शाळेत जाणारी नात. मुलगा उजाडायच्या आत डेपोत हजर. सुनेची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. नातीला सकाळी अंथरुणातून काढणं ही तर स्वतंत्र नोकरीच. सँडविचवर भागवणाऱ्या या घराला कोपऱ्यावरच्या दुकानाचा ब्रेड पुरत होता, पण सुनेच्या मते तो ब्रेड नव्हताच, कापूस होता. "मग मी करतो," काका एकदा म्हणाले आणि करायलाच लागले.

रीत साधी होती. कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट. ते फेसाळलं की मैदा, थोडी कणीक, मीठ, तेल. यीस्ट घालताना काका हात सैल सोडत, कारण पीठ दोनदा फुगवत बसायला या घरात सवड कोणाला होती? मळलेला गोळा सरळ तेल लावलेल्या लांबट डब्यात, वर ओलं फडकं. फुगून काठाला आला की ओव्हनमध्ये. भाजून निघाला की जाळीवर गार होईपर्यंत सुरी लावायची नाही, हा कायदा. नात वेणी घालता घालता त्याच्याभोवती घिरट्या घालायची.

"आजोबा, कडेचा एकच तुकडा."

"आत्ता कापलास तर डब्यात चुरा नेशील. चमचा देऊ का सोबत?"

शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई राहत. त्यांनी सगळं सामान मापून नेलं, दोनदा करून पाहिलं. एकदा आत कच्चा राहिला, एकदा वीट झाली. "काका, किती वेळ ठेवायचा ते तरी सांगा."

"हाताला कळतं," काका म्हणाले. बाई स्वतःच्या हाताकडे बघत घरी गेल्या.

खरं म्हणजे काकांच्या हाताला काहीही कळत नव्हतं. कळत होतं ते भोंग्याला. लेथवर घड्याळ घालून कोणी उभं राहत नाही. पट्टा लोखंड पकडून फिरणाऱ्या चकमध्ये अडकला तर मनगटासकट जातो. त्यामुळे काकांनी जन्मात घड्याळ वापरलं नाही. उठणं, जेवणं, घरी येणं, सगळं कारखान्याच्या भोंग्यावर. निवृत्तीनंतर ब्रेडही त्याच वेळापत्रकात बसला. पहिला भोंगा कामगारांना उठवायचा, तेव्हा पीठ मळायला घ्यायचं. दुसऱ्याला सकाळची पाळी आत जायची आणि ब्रेड ओव्हनमध्ये. तिसऱ्याला रात्रपाळी बाहेर पडायची आणि ब्रेडही बाहेर. कारखान्याच्या सुटीला ब्रेड होत नसे. "यीस्टलाही आराम लागतो," असं काका गंभीरपणे सांगत आणि घरचे आदल्या दिवशीचा ब्रेड भाजून खात. संशय कोणाला येणार? भोंगा इतकी वर्षं वाजत होता की गल्लीला तो ऐकूच येत नव्हता.

मग एका सकाळी ब्रेड करपला.

काकांनी काळी साल तासून काढली आणि डबे भरले. ओव्हन जुना, त्याला काच नव्हती, आणि मध्येच दार उघडलं तर ब्रेड बसतो म्हणून ते उघडायचं नाही. लेथवरच्या तेलाच्या वाफांनी नाकही कधीच कामातून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतरच्या सकाळी रात्रपाळी करून येणाऱ्या सुनेला जिन्यातच धूर लागला. ती धावत वर आली, तर काका मागच्या गॅलरीत मुलाचा गणवेश वाळत घालत होते.

"बाबा, ब्रेड!"

"होतोय. अजून वेळ आहे," काका म्हणाले. तिसरा भोंगा व्हायचा होता.

तिने ओव्हन बंद केला. मात्र त्या दिवसापासून तिचे प्रश्न सुरू झाले. बाबा, आज वार कोणता? काल रात्री आपण काय जेवलो? प्रश्न सहज विचारल्यासारखे असत, पण उत्तर येईपर्यंत तिची नजर काकांच्या तोंडावरून हलत नसे.

"आज तुझ्या ड्यूटीचा वार आणि माझ्या परीक्षेचा," काका म्हणाले. "पास झालो का, सिस्टर?"

ती हसली नाही. संध्याकाळी काकांनी तिला मुलाशी बोलताना ऐकलं. तिच्या वॉर्डात अशी म्हातारी माणसं येत. आधी दूध उतू जातं, मग गॅस चालू राहतो, मग स्वतःच्या घराचा रस्ता सापडत नाही. मुलगा म्हणत होता, "अगं, वय झालंय, होतं असं." ती म्हणाली, "होतं ना. म्हणूनच म्हणतेय."

सकाळी ओव्हनचं बटण जागेवर नव्हतं. सुनेने ते उपटून पर्समध्ये टाकलं होतं आणि तसं सरळ सांगितलंही. "राग मानू नका, बाबा. घरात कोणी नसताना ओव्हन नको."

उरलेला दांडा पकडीने सहज फिरला असता, आणि पक्कड खणातच होती. काकांनी खण उघडलाही, पण पुन्हा लावला. प्रश्न बटणाचा नव्हता. भोंगा चुकेल हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. मग चुकत होतं ते डोकंच, असा हिशेब उरत होता. कदाचित ब्रेड ते आधीच ओव्हनमध्ये टाकत असतील आणि टाकलेला विसरत असतील. गॅलरीत बसून ते मनातल्या मनात जुन्या खात्यातल्या माणसांची नावं मशीनच्या क्रमाने म्हणून बघत. नावं सगळी येत होती. तरी धीर येत नव्हता. टेबलावर दुकानातला कापूस आला. नात तो न बोलता खायची, आणि तेच काकांना जास्त लागायचं.

दाढीला म्हणून ते न्हाव्याकडे गेले. शेजारच्या खुर्चीत त्यांच्याच कारखान्यातला एक वेल्डर होता.

"काका, तुम्ही सुटलात," तो म्हणाला. "नवा साहेब आलाय. रात्रपाळीने सकाळच्या माणसाला काम समजावून मगच निघायचं, असा हुकूम. तिसरा भोंगासुद्धा पुढे ढकललाय."

काकांनी मान गर्रकन वळवली.

"काका, वस्तरा आहे हातात," न्हावी म्हणाला.

"कधीपासून ढकलला?"

"गेल्या महिन्याअखेरीपासून. तुम्हाला काय त्याचं?"

घरी येताना काकांची चाल एकदम हलकी होती. जिन्यापाशी ती मंदावली. डोकं शाबूत होतं, पण ते सिद्ध करायचं तर हाताची थोरवी सोडावी लागणार होती. सून स्वयंपाकघरात चहा घेत होती. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

तिने कप खाली ठेवला. "म्हणजे हाताला कळतं ते..."

"हाताला काही कळत नाही."

"आणि यीस्टचा आराम?"

"भोंग्याचा आराम."

"मला नाही, तर निदान नातीला तरी सांगायचं होतंत."

"तिला सांगितलं असतं तर शाळेभर झालं असतं."

नर्सच ती, नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बटण बसवलं आणि मनगटावरचं घड्याळ पुढे धरून ओव्हनशेजारी उभी राहिली. दुसऱ्या भोंग्याला ब्रेड आत गेला. काही वेळाने ती म्हणाली, "काढा."

"भोंगा नाही झाला."

"बाबा, काढा."

ब्रेड सोनेरी होता. तो जाळीवर कोमट झाला, नातीची वेणीही झाली, तेव्हा कुठे तिसरा भोंगा वाजला. तिघंही ऐकत उभी राहिली. सुनेने पर्स खुंटीला अडकवली; बटण ओव्हनवरच राहिलं.

दुपारी काकांनी स्वयंपाकघराच्या भिंतीत खिळा ठोकला आणि नवं घड्याळ टांगलं. कारखान्याच्या सुटीला त्या घरात पहिल्यांदाच ताजा ब्रेड झाला. वासाने शिवणवाल्या बाई दारात आल्या.

"आज कसा? आणि काका, आता तरी सांगा, वेळेचं कसं कळतं तुम्हाला?"

काकांनी घड्याळाकडे बघितलं आणि खरं सांगायला तोंड उघडलं.

"हाताला कळतं त्यांच्या," सून आतून म्हणाली आणि ब्रेडला सुरी लावली.